क्वार्कचे श्रीखंड

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकहून मामांचा फोन आला. आमच्या जर्मनीतल्या गुढीचे छायाचित्र पाहून ते म्हणाले, "कळक नाही, कडुनिंब नाही, चक्का नाही, मग हट्ट कशाला? मिळत नसेल तर सण करू नये, पण नक्कल करू नये." मामा वडीलधारे, म्हणून मी गप्प राहिले, पण हे मत मला मान्य नाही.

ज्या पूजाविधीच्या नावाने हा आग्रह धरला जातो, त्यातच अडचणीची सोय आहे. दागिना नसेल तर 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि' म्हणून अक्षता वाहाव्यात, मूर्ती नसेल तर सुपारीवर गणपतीचे आवाहन करावे, हे मला मामांनीच शिकवले. सोमवल्ली मिळेना तेव्हा याज्ञिकांनी पूतीक ही दुसरी वनस्पती घेतली, आणि अशा द्रव्याला शास्त्रात 'प्रतिनिधी' हा मानाचा शब्द आहे. नक्कल म्हणायचीच तर दारात आंबा असताना लावलेल्या प्लॅस्टिकच्या तोरणाला म्हणावे.

इथे प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये लोकांना घरी कॉफी भाजण्यास बंदी केली, तेव्हा गरीब घरांनी चिकोरीच्या भाजलेल्या मुळांवर भागवले. आज कॉफी मुबलक असूनही श्टुटगार्टमधल्या आमच्या शेजारच्या वृद्ध बाई रोज सकाळी माल्टचीच, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचीच कॉफी घेतात, आणि तिला कोणी खोटी म्हणत नाही.

आमची काठी बाउमार्क्टमधली, म्हणजे घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातली आहे, आणि मार्चमध्ये झाडांना पालवीच नसल्याने तिला तमिळ दुकानातला कढीपत्ता बांधतो. क्वार्क म्हणजे इथले चक्क्यासारखे मऊ चीज. त्यातले भरपूर स्निग्धांशाचे, चाळीस टक्केवाले मी रात्री मलमलच्या फडक्यात बांधून नळाला टांगते. सकाळपर्यंत खालच्या वाडग्यात जेमतेम दोन चमचे पाणी उतरते. आंबटपणा कमी पडतो म्हणून थोडे दही मिसळते, साखर घालते आणि पुरणयंत्रातून काढते. पहिल्या वर्षी हे सारे 'यंदापुरते' होते. त्याला चौदा वर्षे झाली.

मामांचे बोलणे इतके लागले, त्याचे कारण वेगळे आहे. मागच्या वर्षी पाडव्याला आम्ही नाशिकला होतो. मामींनी घरच्या चक्क्याचे श्रीखंड वाढले आणि मला ते आंबट लागले. लेकीने तर "हे आपल्यासारखे नाही" म्हणत वाटी बाजूला सारली. मामींनी काही न बोलता तिच्या वाटीत साखर घातली. मी मात्र मामांच्या देखत दोनदा मागून घेतले.