समोशाचा बोर्ड आणि नानाचे दंड

समोसा-जिलेबीत तेल-साखर किती, हे सांगणाऱ्या सरकारी कार्यालयांतल्या बोर्डाचा विषय नानानेच काढला, तोही बंडूभाऊच्या हातातल्या तर्री-पोह्याकडे बघत. बातमीत आपल्या नागपूरच्या एम्सचं नाव आल्यापासून तो बोर्ड जणू यानेच रंगवलाय असा थाट आहे.

"साठीनंतर पोट अर्धं रिकामंच ठेवावं. मी रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी दुधीचा रस, संध्याकाळी चहा-टोस्ट. आणि मीठ फक्त सैंधव." खिशातून डबी निघाली. लग्नाच्या पंगतीतही निघते.

कुंदाताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही.

"नानाभाऊ, बाही वर करा बरं." त्यांनी दंड चिमटीत धरला. "हा दंड आहे की शेवग्याची शेंग?"

"पण वजन उतरलं ना!"

"चरबीसोबत मांसही उतरलं. परवा जिन्यात कठड्याला कोण लोंबकळून राहिलं होतं? साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. टोस्टात काय आहे, बाप्पा? वय झालं की भूक कमी होते, प्रथिनांची गरज कमी होत नाही. हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये १७ सूत्रं काढली, त्यात म्हाताऱ्यांचं एक वेगळं आहे. ते पौष्टिक खा म्हणते, उपाशी राहा नाही म्हणत."

"अन् सैंधव?" बंडूभाऊने तर्री भुरकली.

"मीठच ते. कोणत्याही रंगाचं असो, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. लो-सोडियमवाल्यात तर पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असला, बीपीच्या काही गोळ्या चालू असल्या, तर डॉक्टरला विचारूनच. आणि तुम्ही हसू नका, बंडूभाऊ. शुगरची मेटफॉर्मिन किती वर्षांपासून खाऊन राहिले? पायाला मुंग्या येतात ना? त्या गोळीने व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकते, तपासून घ्या."

बंडूभाऊने प्लेट खाली ठेवली. तर्री संपली होती म्हणून.

"जुनी माणसं काय प्रथिनं मोजून खात होती?" नाना हटायला तयार नाही.

"मोजून तर तुझ्या लग्नात वाढलं होतं," बंडूभाऊ उसळला. "माणशी दोन पातोड्या!"

"काहून बे, तू नऊ खाल्ल्या होत्या! व्याही मंडळींना नुसता रस्सा वाढावा लागला!"

हे भांडण आमच्याकडे समोशापेक्षा जुनं आहे. नऊ की सात, यावर दहा मिनिटं गेली.

शेवटी नाना वैतागून म्हणाला, "मग खाऊ काय? घरात अंडं चालत नाही."

"पातोडीच खा. बेसनच आहे ते. सोबत दही, मोड आलेले मूग, फुटाणे. दाताला लागत असतील तर भरडून घ्या."

"रविवारी नानाकडे!" बंडूभाऊने जाहीर केलं.

"हिचे गुडघे दुखतात, करणार कोण?"

"तुम्ही," कुंदाताई म्हणाल्या. "बेसन घोटायला दंडच लागतात. व्यायामही होईल."

नानाने डबी चाचपली. "ठीक आहे. पण मीठ माझं राहील."