चार लोखंडी चाकं द्या हो कुणीतरी!

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे. मान्य! बर्फात घसरगुंडी खेळायची मलाही हौस नाही. पण ते टायर ज्यांवर चढवायचे त्या चार काळ्या लोखंडी रिम माणसाने आणायच्या कुठून? चंद्रावरून?

नव्या घ्याव्या तर दुकानदार असा आकडा सांगतो की गाडी तिथेच सोडून बसने घरी यावं. जुन्या घ्याव्या तर जाहिरातीत 'एकदम नव्यासारख्या'. जाऊन बोट लावलं, तर गंजाचा पापुद्रा हातात! वर फुकटचा सल्ला, 'ब्रश मारा, निघेल.' अहो, मग तुम्हीच का नाही मारला?

परवा तासभर गाडी हाकत गेलो. पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर, सगळं जुळतंय. थंडीत गुडघे टेकून चाक लावतोय, तर बसेचना. का? रिमचं मधलं भोक ६४.१, माझ्या गाडीचा हब (ज्यावर ते भोक बसतं तो उंचवटा) ६७.१. तीन मिलिमीटर! बरं, हे जमलं तर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, जमत नाही. तोही जमला तर ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा चिमटा) रिमला घासतो. त्यातून सुटलात तर टायरमधल्या हवेचा दाब मोजणारे सेन्सर वेगळे घ्या, नाहीतर हिवाळाभर डॅशबोर्डवर पिवळा दिवा मिरवा. इतकी पत्रिका तर आमच्या लग्नात कुणी पाहिली नव्हती!

काल एकाकडे सापडल्या. स्वस्त, स्वच्छ, मापात. घाईघाईने पैसे काढले, तर म्हणतो, "तीनच आहेत हं, चौथी वाकलीय."