पोरं पाहिजेत, पण आवाज नको

आमच्या गोल्फ क्लबच्या कमिटीतला सगळ्यात तरुण मेंबर म्हणजे मी, वय ४८, आणि माझा उजवा गुडघा नुसता जिना बघून दुखायला लागतो. त्यामुळे एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, "नवीन पोरं आणायची जबाबदारी कोणाची" हा विषय निघाल्यावर सगळी पांढरी डोकी माझ्याकडे वळली. आमच्याकडे जो गैरहजर त्याच्या गळ्यात पद, म्हणून मी मुद्दाम हजर राहिलेलो, तरी घोंगडं गळ्यात पडलंच.

आता गोल्फ म्हणलं की आपल्याकडे लोकांना बॅग उचलणारे कॅडी, वेटर, लाखोंची मेंबरशिप असलं काहीतरी दिसतं. माझ्या साताऱ्याच्या मामेभावाला तर अजून वाटतं की मी न्यूझीलंडला जाऊन फार मोठा माणूस झालो. तर ऐका. आमचा क्लब न्यूझीलंडच्या वायकातो भागात, गायीगुरांच्या कुरणांच्या मधोमध, नऊ होलचा (होल म्हणजे बॉल ज्यात घालायचा तो खड्डा). क्लबहाउस म्हणजे पत्र्याची शेड, आत चहाची किटली आणि १९७० च्या आसपासचे ग्रुप फोटो. पगारी माणूस एकही नाही. गवत कापणारे रिटायर्ड शेतकरी, हिशोब ठेवणाऱ्या रिटायर्ड बँकेतल्या बाई, टॉयलेट ज्याची पाळी त्याने घासायचं. बाहेरचं कोणी खेळायला आलं तर फी पाकिटात घालून भिंतीवरच्या लोखंडी पेटीत टाकायची, बघायला कोणी नसतं आणि तरी लोक टाकतात (हे मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, पेटी अजून जागेवर कशी). पन्नासेक लाख लोकांच्या देशात जवळपास ४०० गोल्फ कोर्स, त्यातले कितीतरी असेच, चार म्हाताऱ्यांच्या हाडांवर चाललेले. आणि हाडं आता कुरकुरायला लागलीत, हाच तर प्रॉब्लेम.

पहिली गोची शनिवारची. शनिवारी सकाळी अख्ख्या गावची पोरं रग्बी नाहीतर नेटबॉलला (बास्केटबॉलसारखा खेळ), आणि आमची मेन स्पर्धा पण शनिवारीच. मी म्हणलं शुक्रवारी संध्याकाळी ठेवू, उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो. त्यावर तासभर चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला की शनिवार पूर्वीपासून आहे. शेवटी पोरांचं शुक्रवारी, मोठ्यांचं शनिवारी असं ठरलं, म्हणजे मला दोन्ही दिवस.

मग शाळेत गेलो भाषण द्यायला. लिडिया को या गोल्फपटूचा फोटो लावला. म्हणलं बघा, आपल्याच देशात वाढलेली पोरगी, २०१२ ला १५ वर्षांची असताना मोठमोठ्या प्रोफेशनल बायकांना हरवून कॅनडात जिंकली, ऑलिंपिकमध्ये रिओला सिल्व्हर, टोकियोला ब्राँझ, २०२४ ला पॅरिसला गोल्ड. एकदम शांतता. मला वाटलं भारावली पोरं. तर पुढच्या रांगेतला एकजण म्हणतो, ही माझ्या आईएवढी आहे. दुसऱ्याचा प्रश्न, गोल्फची गाडी चालवायला मिळते का? आमच्याकडे गाडी एकच, ती अध्यक्षांची, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासूनची, आणि तिला ते बायकोलासुद्धा हात लावू देत नाहीत.

तरी आली पोरं. लहानांसाठी प्लास्टिकच्या मोठ्या डोक्याच्या काठ्या आणि टेनिससारखे मऊ बॉल मिळतात, ते उसने आणलेले. त्याच सेटमध्ये एक वेल्क्रोचा अंगरखा होता. तो एकाने घालून मैदानात उभं राहायचं, पोरांनी नेम धरून बॉल मारायचे, लागला की बॉल चिकटतो. कोणी घातला असेल हे सांगायची गरज नाही. सुरुवातीला सगळे बॉल आभाळात, पण माणसावर मारायचंय म्हणल्यावर पोरांचा फॉलो-थ्रू, म्हणजे बॉल मारल्यावरही काठी पुढे फिरवत नेणं, असला सुधारला की बस. पाठीला तीन, पोटाला एक आणि एक अशा ठिकाणी, की खजिनदार बाई चष्मा पुसत आत निघून गेल्या. आजवर गोल्फमध्ये माझ्यामुळे एवढा आनंद कोणाला झाला नव्हता.

आणि शेडच्या ओसरीत बसून हे सगळं बघणारे आमचे आजोबा लोक. हेच वर्षभर रडत होते की क्लबात पोरं नाहीत. आता म्हणे टोप्या उलट्या घालतात, शर्टाला कॉलर नाही, कोणी पटिंग करत असताना, म्हणजे बॉल हळूच खड्ड्यात ढकलत असताना, बोलतात. अहो, आठ वर्षांचं पोर आहे ते, ते झोपेत पण बोलतं! मधेच पुकेको आला, निळा, लाल चोचीचा, लांब टांगांचा पक्षी, आमच्या कोर्सवर त्यांची वस्तीच आहे, की अख्खी बॅच काठ्या टाकून त्याच्या मागे, चौथ्या होलकडून थेट शेजारच्या गायींच्या गोठणीत. गायींच्या मालकाला समजवायला परत मीच.

खरं सांगू का, भाषण नाही, लिडिया नाही, पोरांना धरून ठेवलं ते शेवटी सॉसेजने. तीन होल खेळायचे, तेवढेच, आणि मग बार्बेक्यूवर सॉसेज, ब्रेडच्या स्लाइसमध्ये गुंडाळून, वर तळलेला कांदा. एका पोरीने चार मैत्रिणी आणल्या, त्यातल्या दोघींना गोल्फ म्हणजे काय हे अजून नीट माहीत नाही पण नियमित येतात. आणि पोरी आल्या म्हणल्यावर पोरं आपोआप. कमिटीत तीन मीटिंगा खाल्लेल्या माहितीपत्रकाने जे झालं नाही ते कांद्याच्या वासाने झालं.

आता यातली थोडी मोठी पोरं शनिवारी पण खेळायला लागलीत आणि नवीनच उपद्व्याप सुरू झालाय. आजोबांनीच त्यांना शिकवलं होतं की मागचा ग्रुप जलद असेल तर पुढच्यांनी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायचं. पोरांनी शिष्टाचार पाठच केला. सातव्या होलवर उभं राहून "एक्स्क्यूज मी" म्हणतात, इतकं गोड की नाही म्हणता येत नाही, आणि आजोबा लोक दर शनिवारी झाडाखाली काठ्यांवर रेलून त्यांना जाताना बघतात. अध्यक्षांना तर गाडीसकट ओव्हरटेक केलं.

पुढच्या मीटिंगला रीतसर विषय आलाय: "ज्युनिअर मेंबर फार वेगात खेळतात, विचार व्हावा." पण त्याच्या आधीचा विषय सॉसेजच्या बिलाचा आहे, त्यामुळे तिथपर्यंत पोचू असं काही वाटत नाही.