मला मे महिन्यातल्या दुपारी तपासा

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी जानेवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी गेले होते. सकाळची वेळ होती, हवेत गारठा होता आणि आदल्या रात्री झोपही चांगली लागली होती. त्यामुळे सांगितले तसे सरळ रेषेत चालून दाखवले, नाकाला बोट लावले, भिंतीवरचा तक्ता वाचला आणि ३० टक्क्यांचा कागद घेऊन घरी आले. बहुतेक सवलतींसाठी ४० लागतात. डॉक्टरांनी जे पाहिले तेच लिहिले, त्यांच्यावर माझा राग नाही. माझे म्हणणे तपासणीच्या वेळेविषयी आहे.

मला अकरा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील व मज्जारज्जूतील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण खाऊ लागते. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदराने कुरतडावी तसे हे आहे, असे मी मामाजींना सांगितले तेव्हा त्यांना ते लगेच समजले. गावाने मात्र त्याला ‘नसांचा लकवा’ असे नाव ठेवले आहे आणि ते दुरुस्त करणे मी केव्हाच सोडले. आवरण गेलेल्या तंतूतला संदेश शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अडखळतो. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही काळ मंदावते, हे विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवले होते. एमआरआय रुळण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे उमटतात का, हे डॉक्टर मुद्दाम पाहत असत. आमच्याकडे ही चाचणी वैशाख फुकटात करतो.

पारा ४५ वर गेला की सकाळी दहापर्यंत स्वयंपाक, धुणे, भांडी सगळे करणारी मी दुपारी वेगळीच बाई होते. कणीक मळताना उजव्या हाताची बोटे ऐकत नाहीत. अंगणातून आत येताना चप्पल पायातून निघून जाते आणि चार पावले टाकल्यावर खाली पाहिले की मगच ते कळते. लाइट गेली की कूलर बंद, मग ओला दुपट्टा मानेवर घेऊन न्हाणीच्या फरशीवर बसायचे. त्यातही एक जीव फ्रीजकडे लागलेला असतो, कारण आजार आवरणारी माझी इंटरफेरॉनची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, आणि बर्फाला टेकून ती गोठली तरी वाया जातात.

उष्णतेने आलेला हा अशक्तपणा अंग थंड झाले की ओसरतो, त्याने नवी इजा होत नाही; आणि लोकांचा विश्वास नेमका तिथेच उडतो. “सकाळी त बाजारात फिरून राह्यली होती, आता काय झालं वो इले?” हे मी दाराआडून ऐकले आहे. शेजारणीचे ठीक आहे, तिला कोणी शिकवले नाही. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत या आजाराचे नाव घालून घेतले आहे, तर मग मोजणाऱ्यांनी एका थंड सकाळची चाल पाहून थांबू नये. वर्षभरात आजार उसळून किती वेळा तीन-पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन घ्यावी लागली, थकवा दिवसाचे किती तास खातो, लघवीवर ताबा राहतो का, हे बायका लाजेने सांगत नाहीत म्हणून तरी विचारायला हवे. (जागतिक एमएस दिवस ३० मे रोजी, म्हणजे ऐन नवतपात, मेअखेरच्या रखरखीत नऊ दिवसांत येतो. ठरवणाऱ्यांनी तो विदर्भाला विचारून ठरवला नसणार, पण आम्हाला तो बरोबर सापडला आहे.)

मी फेरतपासणीचा अर्ज लिहिला आहे. घरचे म्हणतात, तारीख हिवाळ्यातली माग, उन्हात कुठे जातेस. मी मेची मागितली आहे, आणि त्या दिवशी दुपारी बाराच्या एसटीने जाणार आहे.