सापशिडी म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गाड्यांची रेस लावणारा पटावरचा खेळ मी बनवला, त्याबद्दलची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर दुकानात तीच डोक्यात घोळत होती, म्हणून आज सविस्तर लिहितो. खाली नाव नाही, नुसतं 'एक वाचक'. असू दे.

तुम्ही लिहिता, "फाशांवर पळणारी गाडी म्हणजे शेवटी सापशिडीच. चोर्ला घाटाचं चित्र चिकटवलं म्हणून ती रेस होत नाही." शिवाय डाव अडीच तास चालतो, मागे पडलेला मागेच राहतो, नियमांची पुस्तिका बारा पानांची, दोन गाड्यांचे रंग सारखे, वगैरे.

टीका जरूर करा. पण 'चिकटवलं'? त्या पटावर माझे तीन पावसाळे गेलेत. केरीपासून घाटमाथ्यापर्यंतची वळणं मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर काढत बसायचो, गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना.

आता सापशिडी. सापशिडीत खेळणारा काय ठरवतो? काहीच नाही. त्याच्या जागी मांजर बसवलं तरी निकाल तोच. माझ्या खेळात फासे टाकण्याआधी गिअर सांगावा लागतो, आणि जितवा गिअर तितके फासे. समजा वळणाची मर्यादा नऊ घरांची आहे. दुसऱ्या गिअरमध्ये दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी फक्त ६ जोड्यांत बेरीज दहा किंवा वर जाते. तिसरा टाकलात की २१६ पैकी १३५ वेळा जाते. म्हणजे सहात एकदा घसरणारी गाडी आठात पाचदा घसरू लागते. जास्तीच्या प्रत्येक घरामागे टायरची एक चकती गमवायची. चकत्या चारच, संपल्या की दरीत. 'तिसरा' असं तोंडाने म्हणालं कोण? फासा की तुम्ही?

गिअरप्रमाणे फासे बदलायची युक्ती माझी नव्हेच. १९९१ च्या 'फॉर्म्युला दे' या फ्रेंच खेळात प्रत्येक गिअरला वेगळा फासा आहे. पहिल्याच्या फाशावर फक्त १ आणि २, सहाव्याचा फासा तीस बाजूंचा, त्यावर २१ ते ३०. त्यालाही सापशिडी म्हणणार का? तुम्ही सुचवलेला २०२२ चा 'हीट' हा रेसचाच खेळ मी मडगावला मित्राकडे खेळलोय. उत्तम आहे. त्यात फासे नाहीत, पत्ते आहेत. पण स्ट्रेसचं पान खेळलं की गड्डीवरून काय उलटेल ते आपल्या हातात नसतं. पिसलेले पत्ते म्हणजे कसब आणि टाकलेला फासा म्हणजे नशीब, हा कुठला न्याय?

आणि ते शेवटचं वाक्य: "बनवणाऱ्याने घाटात कधी गाडी चालवली नसावी." माझे बाबा डिचोलीकडे खनिजाचा टिप्पर चालवायचे, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. उतारावर नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही, गिअर वळणाआधी पाडायचा, वळणात शिरल्यावर नव्हे, हे मी त्यांच्या बाजूला बसून शिकलो. 'आधी गिअर सांगा' हा नियम तिथून आलाय, कुठल्या पुस्तकातून नव्हे. मी स्वतः बारा वर्षांहून जास्त काळ चोर्ल्यातून बेळगावचा माल आणतोय. भर पावसात धुकं उतरलं की समोरच्या ट्रकचे नुसते दिवे दिसतात, तेव्हाही. तुम्हीही गेला असाल त्या रस्त्याने, मागच्या सीटवर झोपून. (हे लागेल जरा. लागू दे.)

एक मान्य, अगदी मोकळेपणाने. लाल आणि केशरी गाडी ट्यूबलाइटखाली एकसारख्या दिसतात. चवथीला भाच्याने माझीच गाडी सहा घरं पुढे नेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्यासकट. केशरी आता निळी होईल. चूक नीट सांगितली की मी ऐकतो, एवढं तरी पटावं.

बाकीचं थोडक्यात. अडीच तास म्हणता, त्यात आमच्याकडे चहा-भजी येतात. मागे पडलेला मागेच राहतो, तर चोर्ल्यात ट्रकमागे अडकलेल्याला विचारा काय होतं ते. आणि पुस्तिका बारा पानांची नाही, अकराच पानांची आहे. बारावं कोरं आहे.