खुलासा: ४२ गावांतले बेसबॉल ‘बंद पडले’ का?

‘अमेरिकेत मेजर लीगने २०२० मध्ये ४२ छोट्या गावांतले बेसबॉल संघ बंद पाडले आणि तिथली मैदाने ओस पडली’, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

४२ हा आकडा मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या) २०१९ च्या प्रस्तावातील, वगळायच्या संघांच्या यादीचा आहे. मेजर लीग आणि छोटे संघ यांच्यातील जुना करार सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर मेजर लीगशी संलग्न, म्हणजे तिच्या क्लबांसाठी नवे खेळाडू घडवणाऱ्या, संघांची संख्या १६० वरून १२० वर आणण्यात आली. बाहेरचे काही संघ आत घेतले गेल्याने अंतिम यादी त्या प्रस्तावाबरहुकूम राहिली नाही. वगळलेले बरेचसे संघ आजही खेळतात. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्लूफिल्डमध्ये २०२१ पासून उन्हाळ्यात महाविद्यालयीन खेळाडू उतरतात, तर मोंटानातील बिलिंग्जचा संघ स्वतंत्र (मेजर लीगच्या क्लबांशी संलग्न नसलेल्या) पायोनियर लीगमध्ये आहे.

मात्र ‘काहीच बिघडले नाही’ हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. संलग्न संघातील खेळाडू आणि प्रशिक्षक यांचे पगार मेजर लीगमधला वरचा क्लब देतो. संलग्नता गेली की व्यावसायिक संघाच्या बाबतीत तो भार स्थानिक मालकावर पडतो, आणि दहा हजार वस्तीच्या गावात तिकीट, हॉटडॉग व कुंपणावरच्या जाहिराती यांवर तो पेलणे सोपे नसते. शिवाय, उद्याचा तारा आज आपल्या गावात पाहिल्याचे अप्रूपही जाते (प्रेक्षकांच्या लेखी बहुधा हेच मोठे नुकसान).

उरलेल्या १२० संघांनाही कायमची हमी मिळालेली नाही: २०२१ मध्ये दिलेले संलग्नतेचे परवाने दहा वर्षांचेच आहेत.