दमवलेला बॉर्डर कॉली शांत होत नाही

बॉर्डर कॉली ही मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची जात पाळू इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेला एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: हा जगातला सर्वांत हुशार कुत्रा असल्याने त्याला फारसे शिकवावे लागत नाही, रोज चार तास पळवून, चेंडू फेकून त्याला पुरता दमवला की तो घरात शांत राहतो, मुलांच्या मागे तो धावतो ती त्याची राखणदारी असते, उन्हाळ्यात त्याचे केस भादरून टाकावेत, आणि मेंढ्या नसलेल्या घरात त्याला शेवटी वेडच लागते. या पाच विधानांपैकी एकही धड खरे नाही, आणि दुसरे तर कुत्र्याचे थेट नुकसान करणारे आहे.

हुशारीचे आधी पाहू. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत बॉर्डर कॉली पहिला आला, हे खरे आहे. पण ती क्रमवारी आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवर आधारलेली होती. म्हणजे माणसाने शिकवलेली आज्ञा कुत्रा किती लवकर उचलतो आणि किती खात्रीने पाळतो, एवढेच तीत मोजलेले होते. शिकवणाराच नसेल तर मोजायचे काय? १,०२२ खेळण्यांची नावे ओळखणाऱ्या चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते, मात्र तिचे मालक जॉन पिली यांनी ती नावे तिला तीन वर्षे, दिवसाचे चार-पाच तास खपून शिकवली होती, हे सोयीस्करपणे गाळले जाते. शिवाय लवकर शिकणारा कुत्रा नको तेही तितक्याच लवकर शिकतो. पट्टा हातात दिसताच भुंकले की दार लवकर उघडते, एवढे शिकायला माझ्याकडच्या कुत्रीला दोन दिवस पुरले. ते तिच्या डोक्यातून काढायला मला दोन महिने लागले.

आता दमवण्याविषयी. या सल्ल्यामागचा समज साधा आहे: कुत्र्याच्या अंगात रग असते, ती जिरवली की प्रश्न मिटला. परंतु डोंगरउतारांवर दिवसभर काम करता यावे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेल्या या कुत्र्याची रग पळवून जिरत नाही, उलट वाढते. धावपटूचा दमसास सरावाने वाढतो तसाच त्याचाही वाढतो. आज दोन तासांनी दमणारा कुत्रा काही आठवड्यांनी तीन तास मागू लागतो, आणि मालकाच्या पदरी पडते ते कसलेले शरीर आणि थांबणे ठाऊक नसलेले डोके.

कळपापाशी हा कुत्रा सतत धावत नसतो, हेच संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेले दिसत नाही. लांबचा वळसा घेऊन तो कळपाच्या पलीकडे जातो, पोटावर बसतो, रोखून पाहतो, चार पावले सरकतो आणि पुन्हा थबकतो. ‘कम बाय’ म्हटले की त्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचे, ‘अवे’ म्हटले की उलट दिशेने, आणि ‘लाय डाउन’ म्हटले की असेल तिथे खाली बसायचे. काम संपले की ‘दॅट्‌ल डू’, म्हणजे पुरे. मेंढ्या नजरेसमोर उभ्या असताना त्यांच्याकडे पाठ फिरवून मेंढपाळाकडे परत येणे, ही त्याच्या शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट असावी असे मला वाटते. चेंडूच्या खेळात या सगळ्यातली फक्त धाव उरते. पन्नासाव्या फेकीनंतर कुत्र्याकडे नीट पाहावे: जीभ पूर्ण बाहेर लोंबते आहे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या आहेत, मान खांद्यांच्या खाली आहे, पुढचा एक पाय हवेत धरलेला आहे आणि नजर चेंडूवरून, तो खिशात गेला तरी, हटत नाही. याला दमणे म्हणता येईल, शांत होणे नाही. लेझरच्या ठिपक्यामागे पळवणे तर याहून वाईट, कारण तो ठिपका कधीच पकडता येत नाही, आणि पुढे भिंतीवरच्या सावल्यांचा व उजेडाच्या कवडशांचा तासन्‌तास पाठलाग करण्याची सवय काही कुत्र्यांना कायमची जडते.

शरीराचा हिशेबही मांडला पाहिजे. पिल्लाची हाडे वर्षभराहून अधिक काळ वाढत असतात. त्या वयात धावता धावता गर्रकन वळणे आणि उड्या मारणे सांध्यांना महागात पडते. प्रौढ कुत्र्यांमध्येही, बाकी वेळी अगदी निरोगी असलेला बॉर्डर कॉली पाच ते पंधरा मिनिटांच्या जोराच्या व्यायामानंतरच झोकांड्या खाऊ लागतो, मागचे पाय ओढतो, गोंधळून जातो, असा एक विकार या जातीत आढळतो, आणि उष्ण हवेत त्याचा धोका वाढतो. अशा वेळी खेळ तत्काळ थांबवून कुत्र्याला थंडावा द्यावा लागतो आणि नंतर पशुवैद्यांना दाखवावे लागते. अडचण अशी की हा कुत्रा आपण होऊन थांबत नाही.

राखणदारीच्या मुद्द्यावर मराठीनेच आपले काम सोपे करून ठेवले आहे. मेंढ्या राखणे वेगळे आणि मेंढ्या वळणे वेगळे. राखणारे कुत्रे सहसा थोराड आणि संथ असतात, कळपातच वाढतात आणि लांडग्याला दूर ठेवतात. वळणाऱ्या कुत्र्याची सगळी करामत शिकारीच्या क्रमातून आलेली आहे: हेरणे, रोखून पाहणे, दबा धरून सरकणे, पाठलाग करणे, चावणे, मारणे. बॉर्डर कॉलीत यातले आधीचे टप्पे पैदाशीने अधिक ठळक केले गेले आणि शेवटचे दाबले गेले. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा, ज्याच्यापर्यंत आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ पोहोचते, न भुंकता केवळ नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवण्यासाठी नावाजला होता. तेव्हा धावत्या मुलाच्या टाचेशी येणारा कुत्रा मुलाची राखण करत नसतो. तो मुलाला वळवत असतो. त्यात राग नसतो, पण मूल थांबले नाही तर टाचेला दात लागू शकतात, आणि सायकल किंवा मोटार वळवायला गेलेला कुत्रा जिवानिशी जातो. कौतुकाने व्हिडिओ काढत बसण्याऐवजी मान खाली जाऊन नजर रोखली जाते त्याच क्षणी त्याला हाक मारून परत बोलवावे, आणि आल्यावर बक्षीस द्यावे. एकदा पाठलाग सुरू झाला की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

केसांबद्दल थोडक्यात. अंगावर दुहेरी आवरण असते. भादरल्याने उन्हापासूनचा आडोसा जातो आणि केस नंतर नीट येतीलच असे नाही. नियमित विंचरून मेलेली लव काढणे आणि बाहेर नेण्यासाठी सकाळ-संध्याकाळची वेळ निवडणे पुरते.

शेवटचे विधान मेंढ्यांचे. मेंढ्या नसलेल्या घरांत या जातीचे कितीतरी कुत्रे सुखाने राहतात. पण त्यांना काम द्यावे लागते आणि ते संपलेलेही सांगावे लागते. वास घेत केलेला निवांत फेरफटका, लपवलेली वस्तू नावाने शोधून आणणे, एखादी नवी आज्ञा, असे दहा-पंधरा मिनिटांचे काम दिवसातून दोन-तीनदा दिले तर ते तासभराच्या चेंडूफेकीपेक्षा अधिक कामी येते. त्यानंतर रोज एकाच शब्दाने, माझ्याकडे तो ‘पुरे’ आहे, काम मिटवून कुत्र्याला त्याच्या सतरंजीवर पाठवावे आणि तिथे स्वस्थ पडून राहण्याचे बक्षीस हळूच पंजांपाशी ठेवावे. पहिले काही दिवस कुत्रा तिथे बसेल, पण मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन, उडी मारायच्या तयारीत. ही विश्रांती नव्हे, वाट पाहणे आहे. एके दिवशी कंबर एका कुशीला कलते, हनुवटी सतरंजीला टेकते आणि लांब श्वास सुटतो, तेव्हा त्याला ‘पुरे’ समजू लागलेले असते.